कुपीतली त्रिशला

आमच्या हौशीनं माझ्या बायकोला ओळख दाखवायचं नाकारलं, तेव्हा निम्म्या गावानं माझी चेष्टा केली आणि उरलेल्यांनी आपापल्या गोठ्यात जाऊन गुपचूप खात्री करून घेतली.

हौशी ही आमची म्हैस. अंगानं दांडगी आणि स्वभावानं तालेवार. तिच्या शेजारी बिजली, ती नावाच्या अगदी उलट, गरीब. दोघींची धार पहिल्यापासून माझी बायको त्रिशला काढायची. आमच्या भागात घरोघरी हेच. म्हैस एकदा एका हाताला लागली की दुसऱ्याला दाद देत नाही. घरची बाई आजारी पडली तर गडीमाणसं तिची साडी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसतात. मीही एकदा बसलो होतो. हौशीनं मान वळवून मला हुंगलं आणि अशी लाथ घातली की दुधाची चरवी एकीकडं आणि मी शेणात. त्रिशला तापानं फणफणलेली होती, तरी हसली.

"अहो, कपाटातली घडीची साडी नेसून गेलाय व्हय? म्हशीला काय लग्नाला न्यायचीय? खुंटीवरचा शर्ट घालायचा की."

खुंटीवरचा शर्ट म्हणजे माझाच जुना चौकड्याचा शर्ट. गोठ्यात जाताना ती तो साडीवर चढवायची. त्याला साबण कधी लावत नसे, नुसता पाण्यातून काढायची. साबणाचा वास आला की हौशी अडून उभी राहायची.

या एकहाती कारभाराचा जाच मला नव्हता, तिलाच होता. धाकट्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि ही न जेवता दुपारच्या एसटीनं परत आली, संध्याकाळच्या धारेसाठी. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सकाळची धार काढून जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. आईनं डोळे मिटले तेव्हा ही गोठ्यात होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण त्या दिवसानंतर बरेच दिवस ती हौशीशीही बोलली नाही.

मग कासताप आला. म्हशीच्या कासेतून धार काढणाऱ्याच्या हाताला, हातातून घराला. जिल्ह्यात माणसं दगावली, हे खरं आहे, मी नाकारत नाही. सरकार खडबडून जागं झालं आणि निःस्पर्श दूध धोरण आलं. माणसाचा हात लागलेला एक थेंबही यापुढं विकायचा नाही. धार यंत्रानंच काढायची, दूध यंत्रानंच सीलबंद करायचं. धोरण ज्यानं लिहिलं त्यानं गाय पाहिली असावी, म्हैस पाहिली नसावी.

कारण म्हशीचं दूध गायीसारखं कासेच्या तळाशी येऊन थांबलेलं नसतं. ते जवळपास सगळं वर, बारीक बारीक पिशव्यांत अडकून असतं. आपलं रेडकू किंवा ओळखीचं माणूस जवळ आलं की म्हशीच्या मेंदूतून एक रस सुटतो, तो रक्तातून कासेत उतरतो, पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडांत, म्हणजे आचळांत, येतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. म्हैस पान्हावली नाही तर यंत्र नुसती हवा ओढत बसतं. तो रस सुईनं टोचण्यावर बंदी होती, आणि ती योग्यच होती. सहा महिने जिल्ह्यातल्या यंत्रांनी हवा ओढली आणि शहरातल्या लोकांनी पावडरीचा चहा प्यायला.

तोड काढली एका संशोधन संस्थेनं. माणसाच्या अंगाचा वास म्हणजे शेकडो उडून जाणाऱ्या द्रव्यांचं मिश्रण. द्रव्यं सगळ्यांत जवळपास तीच, प्रमाण मात्र प्रत्येकाचं वेगळं. ते प्रमाण मोजलं की तोच वास कारखान्यात तयार करता येतो. आमच्या तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी डॉक्टर निकम एक दिवस कापसाचे बोळे घेऊन आले. त्रिशलाच्या मानेवर, तळहातांवर, काखेत बोळे ठेवले, तिचा "हौशे, हो गं, हो" असा आवाज भरून घेतला आणि गेले. काही दिवसांनी निळ्या झाकणाची बोटभर कुपी आली. निकमांनी ती यंत्रात बसवली. फुस्स करून फवारा उडाला, यंत्र त्रिशलाच्या आवाजात बोललं आणि हौशीचे कान खाली आले. दूध धो धो उतरलं.

मी त्रिशलाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. तिनं खुंटीवरचा शर्ट काढला, विहिरीवर नेला आणि साबण लावून खसाखसा धुतला. वाळत घालून आत आली आणि म्हणाली, "मी उद्या बहिणीकडं जाणार हाय. राहायला."

पुढची चार-पाच वर्षं तिनं माहेर केलं, धर्मस्थळ केलं, श्रवणबेळगोळ केलं. आमची मुलगी पूर्वा बेंगळुरूला नोकरीला लागली, तर तिच्याकडं महिनाभर राहून आली. दर महिन्याला सरकारी सवलतीत नवी कुपी यायची, पहिल्याच नमुन्यावरून बनवलेली. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात पाच वर्षांपूर्वीची त्रिशला दरवळायची. यंत्राला नावं ठेवणारे पुष्कळ होते. मी त्यांच्यात कधीच नव्हतो.

गेल्या वर्षी त्रिशलाचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. नंतर औषधं सुरू झाली, ती कायमचीच. घरी आल्यावर अंगात बळ आलं तशी ती पहिल्यांदा गोठ्यात गेली. हौशीच्या कपाळावर हात ठेवायला वाकली. हौशीनं हुंगलं, फुरफुरली आणि मागं सरली. त्रिशलानं पुन्हा हात पुढं केला तेव्हा तिनं शिंग फिरवलं. मी मध्ये पडलो म्हणून बरं, नाहीतर टाके उसवले असते. तेवढ्यात धारेची वेळ झाली. यंत्रानं फवारा सोडला, "हौशे, हो गं, हो" म्हणालं, आणि ती बया डोळे मिटून पान्हावली. खरी त्रिशला चार हातांवर उभी होती.

"ती मला वळखंना," त्रिशला म्हणाली.

"औषधांचा वास येत असंल. जाईल."

"न्हाई जायचा. माझं अंगच बदललंय. माझं मला कळतंय की."

मी तिला म्हटलं, मला तर काही फरक वाटत नाही. धीर द्यायला म्हणून नव्हे, मला खरंच वाटत नव्हता. त्यानंतर ती गोठ्यात गेली नाही, वैरणसुद्धा मीच टाकायचो.

मग या मार्गशीर्षात दूध संस्थेच्या सभागृहात बैठक लागली. डॉक्टर निकम कागद घेऊन आले होते. गडी सरळ आहे, खोटं बोलताना त्याला घाम येतो. त्या दिवशी थंडीतही घाम आला होता.

शहरांना लागणारं दूध आता टाक्यांत तयार होत होतं. यीस्टला दुधाचं प्रथिन बनवायला शिकवलंय, जनावर लागत नाही, चवही बरी असते असं पिणारे सांगतात. तेव्हा सरकारनं ठरवलं होतं की जनावरं कमी करायची. पुढच्या महिन्यापासून कुप्या बंद. यंत्र रोजच्या रोज कचेरीला दूध कळवतंच. ज्या जनावराचं दूध पंधरा दिवस कळणार नाही ते अनुत्पादक. अनुत्पादक जनावर तालुक्याच्या डेपोत जमा करायचं.

"म्हंजे हातानं काढायला मोकळीक दिली म्हणा की," भुपालअण्णा म्हणाले. ते संस्थेचे चेअरमन, सत्तरी ओलांडलेले.

"नाही अण्णा. निःस्पर्श धोरण कायम आहे."

"कासताप जाऊन चार वर्सं झाली."

"धोरण मागं घेतल्याचा आदेश आलेला नाही."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "डॉक्टर, जरा मला समजावून सांगा. हात लावायचा न्हाई. वास तुम्ही देणार न्हाई. मग म्हशीनं दूध द्यायचं कसं, मोबाईलवरनं?"

मागून एकजण म्हणाला, पूर्वी आपण रागानं दूध रस्त्यावर ओतायचो, आता ओतायला तरी कुठं आहे. दुसऱ्यानं विचारलं, डेपोत पुढं काय होतं. निकमांनी कागदाची घडी केली, उलगडली आणि पुन्हा केली. आमच्या गावात निम्मी घरं जैनांची. संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवणारी, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून बघून चालणारी माणसं. त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं म्हणून पुन्हा कुणी विचारलं नाही.

बैठक मोडल्यावर मी निकमांना गाडीपाशी गाठलं. मला राग आला होता आणि मी तो त्यांच्यावर काढला. पाच वर्षांपूर्वी म्हशींना बाईपासून तोडायला तुम्हीच आलात, आता यंत्रापासून तोडायलाही तुम्हीच. ते ऐकून घेत उभे राहिले. मग गाडीच्या काचेकडं बघत म्हणाले, "सुकुमारदादा, मी कचेरीचा माणूस म्हणून सांगत नाही. वास एकदम बदलला तर जनावर बिथरतं. हळूहळू बदलला तर त्याला कळतही नाही. शेवटची कुपी आहे ना घरात? पुरवून वापरा."

घरी येऊन मी हे त्रिशलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले, पण वर बघितलं नाही.

"म्हंजे मी माझाच वास लावून तिच्याफुडं जायचं."

"थोडे दिवस. मग कमी कमी करत जायचा."

"आणि न्हाई दिला पान्हा तर?"

तव्यावरची भाकरी तिनं उलटली आणि म्हणाली, "डेपोत न्हाई जायची माझी म्हस. तेवढं सांगते."

दुसऱ्या सकाळी मी यंत्रातून कुपी काढली. त्रिशलानं जुना चौकड्याचा शर्ट साडीवर चढवला, कुपीतले थेंब मनगटावर आणि गळ्याला लावले. मी दारात उभा होतो. माझी बायको स्वतःचं सोंग घेऊन गोठ्यात शिरत होती, आणि मला त्या कागदवाल्या माणसांची इतकी चीड आली की मी दाराची चौकट गच्च धरून ठेवली.

हौशीनं मान वळवली. नाकपुड्या फुलल्या. पुढं आली, शर्टाच्या बाहीत तोंड खुपसलं. त्रिशला खाली बसली. "हौशे, हो गं, हो," म्हणाली. आवाजही आता जरा घोगरा झाला होता. सडाला हात लागताच हौशी शहारली, एक पाय उचलला, आणि तो पुन्हा खाली ठेवला. चरवीत पहिली धार वाजली.

आता उरला यंत्राचा प्रश्न. कचेरीला दूध कळलं पाहिजे. मी यंत्राचे चारही कप उचलले आणि चरवीतल्या दुधात बुडवले. यंत्रानं ते गपागपा ओढून घेतलं आणि हिरवा दिवा लावला. इतकी वर्षं यंत्रानं म्हशीला फसवलं होतं, आता आम्ही त्याला फसवलं. गुन्हा होता. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

रोज थेंब कमी. आधी गळ्याचा थेंब गेला, मग एका मनगटाचा, मग थेंबात पाणी. शर्ट मात्र तोच, पुन्हा बिनसाबणाचा. हौशी एखाद्या दिवशी खळखळ करायची, तेव्हा त्रिशला तिच्या कुशीला डोकं टेकवून नुसती बसून राहायची. तासतासभर. बिजलीचं मात्र जमेना. गरीब म्हणून जिला आम्ही गृहीत धरलं तीच हटून बसली. तिचं सगळं प्रेम फवाऱ्याच्या फुस्स आवाजावर होतं की काय कोण जाणे. कास तटतटून लाल झाली, मग दगडी झाली, निकमांनी औषध दिलं, गाठी उतरल्या आणि दूध आटलं. हौशीचं दूध तिच्या नावावर ओढवून पाहिलं, पण कुठल्या म्हशीचं दूध ते यंत्राला कळायचं; त्यानं इमानेइतबारे कचेरीला कळवलं. डेपोची गाडी आली तेव्हा मी कागद दाखव, अर्ज कर, हुज्जत घाल, सगळं केलं. गाडीवरची पोरं म्हणाली, आम्हाला फक्त उचलायचं सांगितलंय. बिजली स्वतःहून फळीवर चढली. त्रिशला त्या दिवशी जेवली नाही, आणि मीही नाही.

हौशीच्या बाबतीत एक सकाळ अशी आली की कुपी पालथी केली तरी काही निघेना. त्रिशला तशीच आत गेली. मी बाहेर थांबलो, बघवेना. थोड्या वेळानं चरवीचा आवाज आला. मी आत डोकावलो तर ती एका हातानं धार काढत होती आणि दुसऱ्यानं डोळे पुसत होती.

"वळखलं," म्हणाली. "आत्ताची मी, हिला चालती."

हा आनंद महिनाभर टिकला. मग पूर्वाचा फोन आला. ती बाळंतपणाला इकडं येणार होती, पण रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केला, पलंगावरून उठायचं नाही म्हणाले. जावई फिरतीच्या नोकरीवर. "मम्मी, तू येशील ना?" पूर्वा म्हणाली. फोन स्पीकरवर होता. त्रिशलानं माझ्याकडं बघितलं नाही, गोठ्याकडं बघितलं.

"बघते बाळ," म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती उंबऱ्यावर बसली. मला तिच्या बहिणीचं लग्न आठवलं, तिची आई आठवली. कुपी नाही, बिजलीची जागा मोकळी, आणि हौशीला आता या जगात एकच माणूस चालतं. पंधरा दिवस यंत्राला दूध मिळालं नाही तर गाडीला आमचं घर सापडायला वेळ लागणार नव्हता.

"शर्ट दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"माझाच हाय तो."

त्या संध्याकाळपासून मी तिच्या शेजारी बसायला लागलो. आधी नुसता शेजारी, मग एका सडाला ती आणि एका सडाला मी. रात्री शर्ट तिच्या अंगावर, धारेच्या वेळी माझ्या. हौशीनं मला दोनदा उडवलं. बरगडी अजून दुखते. जायच्या आदल्या दिवशी त्रिशला गोठ्याच्या दारात थांबली आणि मी एकट्यानं निम्मी चरवी काढली. पूर्ण नाही, निम्मी. तिनं शर्ट पुन्हा अंगात घातला, रात्रभर घालून झोपली आणि सकाळी खुंटीवर अडकवून बसला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "साबण लावू नगा."

संध्याकाळी मी गोठ्यात गेलो. शर्ट अंगात घातला. बटणं लावायला मान खाली घातली, आणि तिचा वास आला.

आजवर तो शर्ट घालताना ती समोर असायची, हौशी फुरफुरत असायची, शेणाचा, पेंडीचा घमघमाट असायचा. त्या दिवशी गोठा शांत होता. कडवट, किंचित लोखंडासारखा वास. औषधाचा म्हणावा तर तेवढाच नव्हे, त्याखाली आणखी काही तरी, थकलेलं. हा माझ्या ओळखीचा वास नव्हता. माझ्या ओळखीची त्रिशला कुपीत होती आणि कुपी संपली होती. वर्षभर ही बाई माझ्या शेजारी झोपत होती, मला पाणी देत होती, आणि मी तिला सांगत होतो की मला तर काही फरक वाटत नाही. हौशीला एका हुंगण्यात कळलं होतं. निकम म्हणाले होते, हळूहळू बदललं तर कळतही नाही. ते जनावराबद्दल बोलत होते.

मला रडू आलं. हौशीनं मान वळवली, माझ्या छातीवर नाक टेकवलं आणि बराच वेळ हुंगत राहिली. मी हललो नाही. मग तिचे कान खाली आले. मी बसलो, "हौशे, हो गं, हो," म्हणालो, आणि ती पान्हावली.

यंत्राचे कप चरवीत बुडवत होतो तेव्हा बसमधून फोन आला.

"दिली का धार?"

"दिली."

"सगळी?"

"जवळपास."

"वळखलं म्हणायचं तिनं तुमास्नी." गाडीच्या घरघरीत तिचं हसू ऐकू आलं.

"मला न्हाई," मी म्हणालो. "तुला वळखलं."

ती म्हणाली, "आणि तुमचा आवाज का असा येतोय?"

"मीबी आजच वळखलं," मी म्हणालो.